मयताचं मत

निवडणूक गुन्हे कक्षाला स्वतःची जागा नव्हती. पशुसंवर्धन खात्याच्या तळमजल्यावर त्यांना एक खोली मिळाली होती आणि त्या खोलीच्या मधोमध गुरं तोलायचा अवाढव्य काटा होता. तो जमिनीत पक्का बसवलेला, त्यामुळे हलवायचा प्रश्नच नव्हता. मग सरकारी वकीलबाईंचं टेबल त्या काट्यावरच मांडलं गेलं. टेबल, फायली आणि बाई मिळून किती भरतात ते भिंतीवरची सुई दिवसभर इमानेइतबारे दाखवायची. समोर कुणी येऊन बसलं की सुई माणसाभर पुढे सरकायची, उठून गेलं की मागे यायची. इतकं उघड्यावर वजन होणाऱ्या त्या बहुधा एकमेव सरकारी नोकर असाव्यात.

खोलीत बाईंखेरीज एक कारकून होता. त्याला सगळे 'आक्षेप' म्हणायचे. चहा आला तरी तो आधी हरकत घ्यायचा आणि मग प्यायचा.

बाईंकडे मयतांची प्रकरणं असत. माणूस मरतो, नाव मतदार यादीत राहतं आणि मतदानाच्या दिवशी त्याच्या नावावर कुणीतरी मत टाकून जातं. याला कायद्यात तोतयेगिरी म्हणतात. बाईंचा ठोकताळा सरळ होता: ओळखपत्र ज्या घरात, गुन्हेगार त्या घरात. आजवर तो चुकला नव्हता.

त्यांच्या स्वतःच्या घरातही असं एक ओळखपत्र होतं. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. नाव वगळण्याचा अर्ज त्यांनी भरून, सही करून खणात ठेवला होता. तो वरच्या मजल्यावर, मतदार यादीच्या खिडकीवर द्यायचा होता. जिना चढायचा, बस्स. शहरभरच्या मयतांच्या मागे हात धुऊन लागलेल्या बाईला तेवढा जिना चढवत नव्हता.

नवरा असताना दर निवडणुकीला एकच संवाद व्हायचा.

"एकदा तरी बरोबर जाऊ या की मत द्यायला."

"मला ड्यूटी आहे रे. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी ड्यूटी असायचीच. मतदानाच्या दिवशी निवडणूक कक्षातल्या माणसाला सुट्टी मागणं म्हणजे लग्नात नवऱ्या मुलानं रजा मागण्यासारखं.

त्या आठवड्यात शिंप्याचं प्रकरण आलं. गेल्या निवडणुकीत त्याच्या मेलेल्या बायकोच्या नावावर मत पडलं होतं. मतदान केंद्रावर शाई लावायला बसलेल्या शिक्षिकेनं जबाब दिला होता, "आजी स्वतः आल्या होत्या. ओळखपत्र दाखवलं, फोटोशी चेहरा जुळला. हात फार गार होता, म्हणून मी विचारलंही, बरं नाहीये का? आता जिवंत असल्याचा पुरावा मागा असं आम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं."

बाईंनी समासात लिहिलं: शिक्षिका सामील?

शिंपी आला. काडीपैलवान. गळ्यात टेप तशीच लटकलेली. काट्यावर चढला, खुर्चीत बसला आणि सुई दोन माणसांइतकी पुढे गेली.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुईकडे.

"आक्षेप आहे," कारकून म्हणाला. "काट्याला तेल पाहिजे."

"आजोबा, ओळखपत्र कुणाला दिलं होतंत?"

"कुणाला देऊ? तिचं तिच्याकडे." त्यानं बाजूला सरकून खुर्चीत अर्धी जागा केली. "आम्ही नेहमी बरोबरच जायचो. मी एकटा गेलो तर भलतंच बटण दाबेन म्हणायची. मी दारात उभा होतो, तेवढ्यात आली. म्हणाली, चला."

"शिक्षा होईल, कळतंय ना?"

"मला करा की. पण नाव काढू नका, बाई. नाव आहे तोवर तिला यायला निमित्त आहे."

बाईंनी फाईल मिटली. विचारायचं होतं ते कुठल्याच कलमात बसत नव्हतं. शेवटी खाली बघत, फाईलला दोरी बांधता बांधता त्यांनी विचारलंच.

"सगळ्यांकडे येतात का?"

शिंप्यानं टाचण्या बघाव्यात तसं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ते मला काय माहीत? आपण मात्र जागेवर पाहिजे. त्यांना शोधत फिरायला लावू नये."

तो उठला. सुई थोडी मागे आली आणि थांबली. तो दारापाशी पोचला, मागे वळून 'चल' म्हणाल्यासारखी मान हलवली. मग सुई उरलेली मागे आली.

पुढच्या रविवारी बाईंच्या वॉर्डात पोटनिवडणूक होती.

आदल्या दिवशी त्या साहेबांकडे सकाळची सुट्टी मागायला गेल्या.

"मतदानाच्या दिवशी? कारण काय?"

कारण तोंडातून बाहेर पडेना. "तसं काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी घेईन."

रविवारी त्या टेबलाशी बसल्या. तक्रारी नेहमीच्याच होत्या. कुणीतरी मतदारांना शिट्ट्या वाटल्या होत्या. एका उमेदवाराचा पोपट केंद्राबाहेर प्रचार करत होता. पोपटाला आचारसंहिता लागू होते का, यावर आक्षेपनं तासभर हरकती घेतल्या. बाई मधूनमधून दाराकडे बघत होत्या.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. आक्षेपनं घेतला, लिहायला लागला आणि त्याचं पेन मध्येच थांबलं.

"मॅडम, ही तक्रार तुम्ही घेऊ नका."

"काय आहे?"

"तुमच्या इमारतीतलेच शेजारी आहेत. एका पक्षाचे केंद्रावरचे प्रतिनिधी. म्हणतात, मयत इसम रांगेत उभा आहे." तो घुटमळला. "म्हणतात, त्याला पोचवायला मी स्वतः गेलो होतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला हरकत सुचली नाही.

बाई पळतच निघाल्या. रस्त्यात मिरवणुकीसारखी वाहनं तुंबली होती. अर्ध्या वाटेत रिक्षा सोडून त्या चालत सुटल्या. मतदान केंद्र शाळेत होतं. तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली केंद्राधिकारी बसला होता.

"सकाळपासून होते हो," तो म्हणाला. "दार उघडायच्या आधीपासून. नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचे. म्हणायचे, बायको येतेय, आम्ही बरोबर जाणार. बसा म्हटलं तर त्या बाकावर बसले. सभ्य माणूस. मी पाणी दिलं, ते काही प्यायले नाहीत."

बाकावर पाण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

"मत दिलं त्यांनी?"

"नाही ना. आत्ताच गेले. म्हणाले, तिला सुट्टी मिळाली नसणार. मीच जाऊन घेऊन येतो."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी फोन लावला.

"आक्षेप, खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही, मॅडम."

"सुई बघा."

पलीकडे दोन पावलं वाजली.

"मॅडम," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही इथं नाही आहात ना?"

"बसवून ठेवा. मी आले. काहीही बोलत राहा, पण बसवून ठेवा."

परत येताना त्या जवळजवळ धावत होत्या. वाटेतच मतदान संपल्याचा भोंगा वाजला.

खोलीत आक्षेप भिंतीला पाठ लावून उभा होता आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला पोपटाचं प्रकरण सांगत होता. त्याचा घसा बसला होता.

बाई दारात थांबल्या. सुई माणसाभर पुढे होती.

त्या हळूच काट्यावर चढल्या.

सुई आणखी पुढे गेली.

त्या बसल्या. खण उघडला, अर्ज काढला, फाडला. चिटोरे टेबलावरच ठेवले.

"शिंप्याला उद्या बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि एक खुर्ची जास्तीची मागवा."

आक्षेपनं मान हलवली, पिशवी उचलली. दारापाशी त्याचे पाय अडखळले.

"मॅडम, मतदान संपलं. तुम्ही निघत नाही?"

त्यांना उठायचं नव्हतं. उठल्यावर सुई किती मागे येते, ते बघायचं नव्हतं. समोरच्या खुर्चीच्या हातावर त्यांनी तळहात ठेवला. लाकूड फार गार होतं.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. आक्षेपला नव्हे.

भिंतीवरची सुई जराशी थरथरली. काट्यावर बसलेलं माणूस आवाज न करता हसलं की थरथरते, तशी.