उताराखालची गाडी

दिवा नको लावू केया, डोळ्यांवर येतो. आर्य, तूही बस. सांगतो ते घडलेलं आहे.

माझ्या बहिणीचा नातू सिद्धेश कोलोराडोत शिकतो. डोंगरावरचा बर्फ कधी सुटून खाली येईल, ते तपासतो. गेल्या वर्षीची महाशिवरात्र. उतारावर ठेवलेला थर्मामीटर आणायला तो संध्याकाळी निघाला. एकट्यानं जायचं नाही, असा त्यांचा नियम; त्यांच्यातली एक मुलगी पूर्वी त्याच उतारावर एकटी गेली नि बर्फाखाली राहिली, तेव्हापासूनचा. पण जोडीदार अमनचा उपास. हा म्हणाला, "तू खिचडी खा यार, मी आलोच."

"आजोबा, दॅट्स सो डंब!" आर्य म्हणाला.

असेल बाबा. ऐक.

वर त्यानं खड्डा खणून पाहिलं. वरचा घट्ट थर खालच्या साखरेसारख्या बर्फावर नुसता टेकलेला. कधीही सुटेल. लोकांना कळवायला हवं. पण फोनला रेंज रस्त्याच्या एकाच वळणावर, आणि ते वळण त्याच उताराखाली. तिथं गाडीत बसून त्यानं मेसेज पाठवला. मेसेज गेला... आणि डोंगर खाली आला.

दार उघडेना. हॉर्न दाबला, आवाज गाडीतच राहिला. काळोख. श्वास जड होत चालला.

मग टपावर... ठक. ठक.

हलके, मनगटातून मारल्यासारखे. मग कोपरातून. मग खांद्यातून, जोरात. बर्फ किती पक्का, ते बघायला हे लोक बर्फावर फावडं ठेवून त्यावर असंच थोपटतात. पण सोडवायला आलेला माणूस खणेल. थोपटेल कशाला?

"अमन?"

...

"कोण आहे?"

...

खरवडल्याचा आवाज. वरून खाली. त्याच्या बाजूच्या काचेशी थांबला. काहीतरी जड काचेला टेकलं. पोरानं डोळे मिटले. दाराच्या फटीतून गार हवा आली. तिथंच नाक लावून तो रात्रभर राहिला. पलीकडचं ते... हललं नाही.

उजाडल्यावर माणसं आली. आणखी बर्फ सुटेल म्हणून रात्री कुणालाच वर सोडलं नव्हतं. अमन खाली रस्त्यावर भांडत, रडत उभा होता.

"देन हू वॉज इट, आजोबा?" केया माझ्या शालीत शिरली.

मला नाही ठाऊक, बाळा. वरून थेट त्या दारापर्यंत सरळ कापलेला खड्डा होता. भोवती एक पाऊल उमटलेलं नाही. आणि काचेवरचा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला. त्यात पाठ उमटली होती, माणसाची.

पाठीवर लांब वेणी.