चारच्या बॅचची हजेरी

चाकणच्या कंपन्यांत राबणाऱ्या पोरांच्या बोटांना ठसेच उरत नाहीत, हे कॉलेजला अंगठ्याचं मशीन बसवल्यावर कळलं. कूलंटच्या तेलकट पाण्याने आणि ग्राइंडिंगने बोटं पार गुळगुळीत झालेली. मशीन आपलं एकेकाला 'पुन्हा प्रयत्न करा' सांगत बसायचं आणि दाराबाहेर ही रांग. शेवटी प्राचार्य काळोखे सरांनी मशीनवर फडकं टाकलं आणि पूर्वीसारखी नावं पुकारून हजेरी घ्यायचं ठरवलं. ते काम विजयश्रीच्या गळ्यात पडलं. तसं त्या कम्युनिटी कॉलेजात कुठलंही काम फिरून फिरून तिच्याच गळ्यात पडायचं.

तिच्या खोलीवर 'विद्यार्थी सहाय्य कक्ष' अशी भारदस्त पाटी होती. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. बसचा पास, डोळ्यांची तपासणी, रक्तदान शिबिर, खोलीमालकाशी झालेलं भांडण, घरी कळू न देता सोडलेली नोकरी, सगळं त्या टेबलावर यायचं. जानेवारी लागला की त्यात स्नेहसंमेलनाची भर. रोज सकाळी रावेतहून निघून, देहूवरून, ट्रकांच्या मधून स्कूटर काढत ती यायची आणि आल्याबरोबर कुणीतरी 'मॅडम, मंडपवाला आलाय' म्हणून उभा असायचा.

चारची बॅच तिची लाडकी. ही पोरं फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या गणवेशातच वर्गात यायची. कुणाची गाडी चुकायची, कुणाला ओव्हरटाइम लागायचा. मग दुसरा त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचा. या कामात बंटीचा हात धरणारा कुणी नव्हता. लातूरकडचा, कोकणातला, मावळातला, हवा तो आवाज तो खाली मान घालून काढायचा. विजयश्रीला ते कळायचं आणि ती सरळ कानाडोळा करायची. आठ तास प्रेसवर उभ्या राहिलेल्या पोराची एक हजेरी खोटी लागली तर आभाळ कोसळत नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं.

सुजितच्या बाबतीत तिच्या मनात पाल चुकचुकली ती चष्म्यामुळे.

सुजित हिंगोलीकडचा. म्हाळुंग्याला आईबरोबर एका खोलीत राहायचा आणि एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. मोजपट्टीवरच्या बारीक रेघा त्याला दिसायच्या नाहीत. दिवाळीनंतरच्या डोळ्यांच्या शिबिरात त्याला नंबर निघाला, तेव्हापासून त्याने विजयश्रीला भंडावून सोडलं होतं. "मॅडम, आला का चष्मा?" रोज. चष्मा आला आणि हा तिच्याकडे यायचा बंद झाला. हजेरीला मात्र रोज 'हजर मॅडम' म्हणत होता, त्या त्याच्या जड, ओढलेल्या मराठवाडी आवाजात. वर्गातून सहाय्य कक्षात यायला एक व्हरांडा ओलांडावा लागतो. तेवढंही त्याला जमू नये?

बंटीचेच उद्योग, असं धरून ती गप्प राहिली. पण एक दिवस बंटी अक्कलदाढ काढून आला. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. त्याच्या स्वतःच्या नावाला त्याने नुसता हात वर केला.

"सुजित," तिने पुकारलं.

"हजर मॅडम."

खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरून आला आवाज. तिने मान वर केली. बाक रिकामा होता. पोरं वह्या काढत होती, एकजण चोरून वडापाव खात होता. कुणी दचकलं नाही, कुणी हसलं नाही.

तास सुटल्यावर तिने बंटीला थांबवून घेतलं. बोळा गालात सरकवत तो म्हणाला, "मी एकदाच लावलीय मॅडम, आईशप्पथ. त्याचा फोन आलता, डबल शिफ्ट लागलीय, भावा हजेरी लाव. तेवढी एकच. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच देतोय की."

"तू त्याला बघितलंस?"

"म्हणजे काय? आत्ता इथंच होता."

"कुठला शर्ट घातला होता?"

बंटी गोंधळला, मग जरा चिडलाच. "शर्ट कोण बघतंय मॅडम!"

त्या दिवसापासून विजयश्रीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सुजितचा मोबाईल बंद लागत होता. ती ज्याला त्याला विचारत सुटली. नाटकाच्या तालमीत? होता की, आत्ताच पाणी प्यायला गेला. कँटीनमध्ये? आत्ताच चहा घेऊन गेला. टेबलावर भरलेला कप तसाच, वर साय धरलेली. गेटवरचे हिंदुराव म्हणाले, "येतोय न्हवं रोज. आमी काय आंधळं हाय व्हय?" ठेकेदाराने फोनवर उडवून लावलं. पोरगं कामावर आहे, प्रोडक्शन देतंय, तुम्हाला काय अडचण आहे? प्रत्येकाच्या बोलण्यात तो 'आत्ताच' होता, आणि त्याचा चेहरा पाहिल्याचं कुणालाच सांगता येत नव्हतं.

काळोखे सर स्वभावाने गरीब, पण फाटे फुटलेले त्यांना खपत नसत. "हजेरी आहे ना त्याची? मग झालं तर. अहो, आपल्याकडे नसलेल्यांचीच भानगड इतकी असते, तुम्ही असलेल्याला कुठे शोधताय?"

ती चौकीवरही जाऊन आली. हवालदार भला माणूस होता, खुर्ची दिली त्याने. पण शेवटचा कधी दिसला, या प्रश्नाला तिच्याबरोबर आलेला बंटीच बोलून गेला, "आज सकाळी." हवालदाराने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिचे कान तापले.

घरी नवऱ्यानेही तेच ऐकवलं. "विजू, तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस," नंदकिशोर म्हणाला. घेत होतीच ती मनाला लावून. एक जितंजागतं पोर कुठेतरी नाहीसं झालं होतं आणि कुणी त्याला शोधत नव्हतं, कारण तो सगळीकडे हजर होता. आपण शोधलं नाही तर त्याला जगात कुणी शोधणारच नाही, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

आणि शोधायचं कुणाला? सुजित कसा दिसायचा हे आठवायला जावं, तर तिच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहायचं नाही. आवाज तेवढा यायचा. तिने हे कुणाला सांगितलं नाही.

शेवटी एका दुपारी ती चष्म्याची डबी घेऊन म्हाळुंग्याला गेली. चाळीसारखी खोल्यांची लांब ओळ, दारांपुढे कंपनीचे बूट वाळत घातलेले. सुजितची आई, यशोदाबाई, दारातच भेटल्या. लहानखुरी बाई, ठसठशीत कुंकू. खोलीत एका माणसाचं ताट वाढलेलं होतं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. हात लागलेला नव्हता.

"या मॅडम, या. लेकरू आत्ताच जेवून गेलं बगा," यशोदाबाई म्हणाल्या आणि ते भरलं ताट उचलून मोरीपाशी नेऊन ठेवलं.

विजयश्री चटईच्या कडेला बसली. "यशोदाबाई, खरं सांगा. सुजितला तुम्ही शेवटचं डोळ्यांनी कधी पाहिलंत?"

बाई पदराने भांडी पुसत राहिल्या.

"मी त्याचा चष्मा आणलाय."

"तो न्या माघारी," त्या हळूच म्हणाल्या. "आता त्याला न्हाई लागत. आता समदं दिसतंय त्याला."

बाहेरून कंपनीची बस गेली. पत्रा थरथरला. विजयश्री उठली तशी यशोदाबाईंनी तिचा हात धरला, चांगला घट्ट.

"मॅडम, तुमी रोज नाव घेता ना त्याचं?"

"घेते."

"घेत ऱ्हावा माय. तुमी नाव घेता तवर येतंय लेकरू. मदी दोन दिस कॉलेजला सुटी हुती, तर घरात कुनीच न्हवतं बगा. म्या एकलीच." त्यांचे डोळे भरून आले. "तेवढं करा. नाव गाळू नका."

परतीच्या वाटेवर विजयश्रीला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. रडूच आलं तिला. नाव घ्यावं, तर खरं पोर कायमचं हरवणार. न घ्यावं, तर त्या माऊलीच्या घरात उरलंसुरलं जे काही होतं तेही जाणार. ती पाणी प्यायली आणि तिने मन घट्ट केलं. नसलेल्याला आहे म्हणणं आजवर तिने खूप चालवून घेतलं होतं. आता पुरे. स्नेहसंमेलनात सगळी बॅच, पालक, ठेकेदार, सगळे एकत्र असतील. तिथे माइकवरून सांगायचं, सुजित हरवलाय, त्याला शोधायचंय, ज्याने त्याचा चेहरा पाहिला असेल त्याने पुढे यावं. सगळ्यांसमोर एकदा म्हटलं की कुणाला तरी जाग येईल.

संमेलनाचा दिवस उजाडला. मैदानावर मंडप, भर दुपारचं ऊन, पलीकडे चाकण–तळेगाव रस्त्यावर ट्रकांची न संपणारी रांग. लावण्या झाल्या, नाटक झालं, बंटीने सगळ्या सरांच्या नकला करून मंडप डोक्यावर घेतला. यशोदाबाई पुढच्या रांगेत नव्या लुगड्यात बसल्या होत्या. त्यांना आमंत्रण कुणी दिलं, हे विजयश्रीला बक्षिसांची वेळ झाल्यावर कळलं.

काळोखे सर तिच्या कानाशी वाकले. "एक बक्षीस वाढवलंय. पूर्ण उपस्थितीची ढाल. चारच्या बॅचमध्ये आजवर कुणी मिळवली नव्हती हो! पुकारा तुम्हीच."

तिने माइक हातात घेतला.

"आता," ती म्हणाली, "मला सुजितबद्दल बोलायचंय."

तिने समोर पाहिलं. यशोदाबाईंनी हात जोडले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"सुजित," ती एवढंच म्हणाली, आणि थांबली.

"आलो मॅडम."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधल्या वाटेवरच्या माना एकेक करून वळत आल्या, मागून पुढे. कुणीतरी शिट्टी मारली. बंटीने वाटेत हात पुढे करून टाळी दिली आणि ती वाजली.

स्टेजच्या फळ्या दबल्या.

पाहुण्यांनी ढाल पुढे केली. विजयश्रीला त्यांच्यापुढे कुणी दिसत नव्हतं.

"मॅडम, जरा बाजूला व्हा," फोटोवाला खालून ओरडला. "तो झाकला जातोय."

ती बाजूला झाली. त्याच वेळी तिचा फोन थरथरला. नंबर अनोळखी. ती स्टेजच्या कडेला, पडद्याआड गेली.

"मॅडम, मी सुजित." थकलेला, कोरडा आवाज. तोच, पण दमलेला. "फोन ठेवू नका. मी गेटवर आहे. हिंदुरावमामा आत सोडेनात. म्हणतात, सुजित कधीच आत गेला. कंपनीतही तसंच. घरी गेलो तर आईनं तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणली, जा बाबा, तुझी आई वाट बघत आसंल."

विजयश्रीने फोन कानाशी घट्ट धरला.

"मॅडम, तुम्ही सगळ्यांना माझ्याबद्दल विचारत होता, असं बंटी म्हणला होता. म्हणजे माझ्याशी नाही, कुणाशी तरी बोलत होता, मी मागं उभा होतो." तो रडत होता आता. "मला शोधणाऱ्या तुम्ही एकट्याच राहिलाय मॅडम. तुम्ही बाहेर या. नुसतं एवढं म्हणा, मी अजून आलेलो नाही."

"थांब," ती म्हणाली. "तिथंच थांब, मी आले."

आणि निघण्यापूर्वी तिने पडद्याच्या फटीतून एकदा स्टेजकडे पाहिलं.

यशोदाबाई वर आल्या होत्या. मुलाच्या खांद्याला डोकं टेकून त्या हसत होत्या. तो उंच होता, सावळा, केस नीट विंचरलेले. ढाल छातीशी धरून त्याने विजयश्रीकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला. असा कसा विसरलो आपण हा चेहरा, असं तिला वाटलं. किती दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं हलकं, इतकं बरं वाटलं तिला.

"मॅडम?" फोनमधून आवाज आला. "येताय ना?"

"कोण बोलतंय?" विजयश्रीने विचारलं.

फोनमध्ये एका ट्रकचा लांबलचक हॉर्न वाजला. तोच हॉर्न मंडपामागच्या रस्त्यावरूनही ऐकू आला.

तिने फोन पर्समध्ये टाकला. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे हवे होते.