शेवट नसलेली यादी

संगणकाच्या खोलीत मंगळवारी चार वाजता मुंजाबाची पाळी होती. पण पडदा गोठला होता आणि समोर बसलेली फुलंब्रीची सत्यभामा नखं कुरतडत होती.

"मी काहीच केलं नाही... फक्त बेरीज मागितली."

"कशाची?"

"सगळ्या वर्गसंख्यांची. एक, चार, नऊ..."

तो हळूच हसला. "त्या यादीला शेवट हाय का? यंत्र बिचारं जोडतंयच अजून. संगणकाची ही भाषा लई आळशी. यादी आधी बनवून ठेवत नाय. पुढचा आकडा कसा काढायचा, तेवढं जाणते. पाच मागा, पाचच काढती. आमच्या सोयगावला मेंढवाड्यातून मेंढरं सुटतात ना, तशी... एकेक."

"आणि सहाव्यात घोळ असला तर?"

"सहावा मागितल्यावर कळंल."

"हेच मला पटत नाही," ती म्हणाली आणि वही छातीशी धरून निघून गेली.

तरी पुढच्या मंगळवारी त्याच्याशी बोलता बोलता ती खुर्चीवरून जरा उशिराच उठली. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्याहून उशिरा.

हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पुन्हा तापलं. एके दिवशी पाचनंतर एसटी गाड्या बंद होणार होत्या. दोघं भराभर बसस्थानकाकडे चालले होते.

"उद्या पाहुणे येतायत. मला बघायला."

तो थांबला. "मग?"

"मग काय! तुझं नाव काढलं तर आप्पा जात विचारतील. धनगर म्हटलं की काका बोलणं टाकतील. धाकटीचं लग्न अडेल. तुझी वाळूजच्या कारखान्यातली नवी नोकरी टिकली नाही तर—"

"सगळी बेरीज आजच करतीस व्हय?"

"हसू नकोस."

"हसत नाय. मलाबी धाकधूक हाय." त्याचा आवाज खाली आला. "मला एकच सांग. उद्या त्यांच्यापुढं बसणार हायस?"

काका, धाकटी, वाळूज... सगळं जागच्या जागी होतं. पण एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ कधीचं तयार होतं.

"नाही."

गाडी सुटायला आली. ती चढली, खिडकीशी बसली.

"आज घरी तुझं नाव सांगते. उद्या ये. सकाळी दहापर्यंत, पाहुण्यांच्या आधी."

"आन् गाड्या सुरू झाल्या नाय तर?"

"चालत ये."

"फुलंब्री पंचवीस किलोमीटर हाय, सत्यभामा."

गाडी हलली. तिनं पदरानं गाल पुसला.

"मग लवकर निघ."