होकार होडीत मिळणार नाही

"जरा सरका."

हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. पहिल्या भेटीत मुली लाजतात म्हणे. मी चिडलेली होते.

चिडण्यासारखंच होतं. सदफ पार्कमधली मोत्यांची होडी महिनाअखेरीस बंद होणार होती. दुबईतल्या या पार्कमध्ये मी लहानाची मोठी झाले. अब्बांचं रास अल खोरच्या मार्केटमध्ये भाजीचं दुकान, वर्षभर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पण ईदला ते आम्हा बहिणींना इथे आणायचे आणि आम्ही थेट होडीकडे पळायचो. गुहेतून वाहणारं हिरवट पाणी, एसीचा गारवा, दोन्ही बाजूंना मोती शोधत वाकलेले प्लास्टरचे पाणबुडे... राइड इतकी संथ, की बाकी जगाला कंटाळा यावा. मला कधीच आला नाही. आणि आता तिच्या जागी काय येणार होतं? तर त्या उडत्या लांडग्यांच्या सिनेमांचा सेट! पत्र्याचं कुंपणसुद्धा लागलं होतं. त्यावरचा भलामोठा लांडगा माझ्याकडे बघून दात विचकत होता. मीही विचकले.

चिडण्याचं दुसरं कारण शाहबाज.

आम्ही रत्नागिरीकडचे. इथल्या आमच्या कोकणी घरांमध्ये एक रीत पडून गेलीय. मुलगा-मुलगी बघायची ती सदफ पार्कात. हॉटेलात दोघांना एकटं सोडायला नको, आणि घरात सगळ्यांसमोर बोलायचं तरी काय? त्यापेक्षा होडी बरी. पुढच्या होडीत मुलगा-मुलगी, मागच्या होडीत खाला-फुफू, म्हणजे मावश्या-आत्या. उतरलं की मुलीने हो किंवा नाही सांगायचं, खलास. माझी मोठी बहीण, नबिलाआपा, इथेच हो म्हणाली होती. आज माझी पाळी होती आणि अबू धाबीच्या बँकेत नोकरी करणारा शाहबाज आई-वडिलांसकट ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

अम्मी आणि तिची मोठी बहीण मैमुनाखाला चहा आणायला गेल्या. आपाची मुलगी माहनूर त्यांच्यासोबत होती. मी म्हटलं, मुलगा येवो न येवो, माझी होडी मी सोडणार नाही. गेले आणि बसले.

"अकेले नहीं, मॅडम. बॅलन्स चाहिए," होडीवाल्याने रांगेतल्या एका माणसाला माझ्या शेजारी बसवलं. उंच, सावळा, मांडीवर फुगलेली बॅग. त्या बॅगेने माझी अर्धी जागा खाल्ली होती. म्हणून मी त्याला सरकायला सांगितलं.

"याच्यापुढे सरकलो तर पाण्यात," तो चक्क मराठीत म्हणाला.

मी वळून पाहिलं. "आपल्याकडचे का तुम्ही?"

"म्हसळ्याचा. उझैर."

"अजरा. मी इथे मुलगा बघायला आलेय. तो ट्रॅफिकमध्ये आहे."

"अच्छा. म्हणजे मी... तात्पुरता?"

"तुम्ही बॅलन्स आहात."

तो हसला. गालांच्या आधी डोळे हसले त्याचे. एवढ्यात चहा घेऊन परतलेल्या अम्मी, खाला आणि माहनूर मागच्या होडीत चढल्या आणि मैमुनाखालाचा आवाज आला, "अगंबाई, आला वाटतं मुलगा! मागून तर छान दिसतोय." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि होडी गुहेत शिरली.

बरंच झालं, असं मला वाटलं. का वाटलं, ते तेव्हा विचारायला सवड नव्हती. मी पार्कवाल्यांच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली होती. सिनेमावाले आले की सगळं विकायचं का, लोकांच्या आठवणींचं काही नाही का, लांडगे कुणी मागितले होते? तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने बॅगेतून काहीतरी काढलं आणि एका पाणबुड्याच्या कपाळावर लाल ठिपका चमकला.

"हे काय?"

"लेझरने माप घेतोय."

"कशाचं?"

तो जरा अडखळला. "इथे... लांडग्याचा पंजा येणार आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"अल क्वोजला आमचं वर्कशॉप आहे. लांडगे आम्हीच बनवतोय. म्हणजे... मीच."

मी इतकी जोरात उठले, की होडी डुलली. मागून अम्मी ओरडली, "अजरा, नीट बस!"

"लाज नाही वाटत?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"थोडी वाटते. पण तो पांढरा लांडगा बर्फात एकटा मागे राहतो ना, तो सीन मी..."

"मी असले सिनेमे बघत नाही."

"बघितलाय तुम्ही."

"कशावरून?"

"पांढरा म्हणालो आणि तुमचा चेहरा बदलला."

"अंधारात चेहरा दिसतो तुम्हाला?"

"दिसतोय की," तो म्हणाला.

"बघितलाय," मी शेवटी कबूल केलं. "रडले होते त्या सीनला. म्हणून काय माझी होडी तोडायची?"

"मला विचाराल तर होडीही हवी आणि लांडगेही. पण मला विचारतंय कोण? भांडण अर्धं राहिलं तर वर्कशॉपला या. टायरच्या गोदामामागे. लांडग्यांचा कारखाना कुठे म्हटलं, की कुणीही सांगेल."

पुढचं वळण मला पाठ होतं. तिथे छतातून पाणी ठिबकतं आणि नेमकं डाव्या बाजूच्या माणसाच्या डोक्यावर पडतं. डाव्या बाजूला मी होते. त्याने न बोलता माझ्या डोक्यावर हात धरला, केसांना न लावता. थेंब त्याच्या तळहातावर टपटपत राहिले. मी काहीही बोलले नाही. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

उतरलो तर मैमुनाखाला आमच्या आधी तयार. तिने पर्समधला खजूर काढला आणि थेट उझैरच्या तोंडात कोंबला. "माशाल्ला! काय सालस डोळे आहेत! शाहबाजबेटा, अम्मी-अब्बा कुठे आहेत तुझे?"

बिचाऱ्याला बोलता येईना. तेवढ्यात पलीकडून खरा शाहबाज आला, मागे त्याची आई, फोनवर पार्किंगबद्दल कुणाला तरी झापत असलेले वडील.

"मग हा कोण?" खाला म्हणाली.

"ही मेक्स द वुल्व्ह्ज!" माहनूरने सगळं ऐकलं होतं. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. "नानी, ही इज सो कूल!"

खालाने उझैरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बुटांवरचा रंग, बॅगेतून डोकावणारी टेप. "थर्माकोलची कामं करतो होय," ती म्हणाली आणि ते सालस डोळे तिला दिसेनासे झाले. "चल अजरा, शाहबाजसोबत बस आता. पुन्हा एक फेरी."

उझैर खजूर गिळून, सगळ्यांना सलाम करून निघाला. मागे वळून त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात काही मागणं नव्हतं. तो सरळ पराभव मान्य करून चालला होता आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"मी बसणार नाही," मी म्हणाले.

"काय?"

"खाला, रीत काय आहे? एकदा बसायचं, उतरायचं, सांगायचं. मी बसले, उतरले. आता सांगते. शाहबाजभाई, तुम्ही चांगलेच असाल. पण माझी ना आहे."

'भाई' म्हटल्यावर पुढे बोलायला कुणाला काही उरलं नाही.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. खालाने फोन करून करून अम्मीचं डोकं उठवलं. अब्बा गप्प बसले, आणि ते जास्त जड गेलं. आपा माहनूरला न्यायला आली, तेव्हा मी तिच्यासमोर रडले. "आपा, होडी जातेय आणि मी तिथे तमाशा केला."

आपाने दार लोटून घेतलं. "तुला एक सांगू? मी हो म्हणाले, कारण राइड संपली होती. मागे खाला उभी होती, रांगेतले लोक ताटकळत होते, उतरायचं होतं. विचार करायला वेळच नव्हता गं. नवरा चांगला निघाला, माझं नशीब. पण होडी गेली तर मला काही वाईट वाटणार नाही."

इतकी वर्षं ज्या होडीवर मी जीव टाकला, तिच्यात माझी बहीण अशी बसली होती. मला अब्बांची होडी हवी होती, ईदची होडी हवी होती. खालाची होडी मला नको होती. आणि दोन्ही एकच होत्या! त्या रात्री मी पार्कवाल्यांना मनातल्या मनात अर्धी माफी दिली. अर्धीच.

शनिवारी दुपारी मी टॅक्सी करून अल क्वोजला गेले. टायरचं गोदाम सापडलं, त्याच्या मागे पत्र्याची मोठी शेड. आत साखळीला टांगलेला प्रचंड पांढरा लांडगा आणि त्याच्या पोटाखाली उझैर. केसांत, भुवयांवर थर्माकोलचा भुगा.

"भांडायला आलात?" तो घाईघाईने बाहेर आला.

"हो. त्या दिवशी पळून का गेलात?"

"पळालो नाही. म्हणजे... तुमच्या घरच्यांचा मुलगा आला होता ना."

"घरच्यांचा. माझा नव्हता."

तो हातातली पॉलिश पेपरची घडी उलटसुलट करत राहिला. "अजरा, मी देऱ्यात रूम शेअर करून राहतो. गावी अम्मी एकटी आहे. तुमच्या खालाला जे दिसलं ना, तेवढंच आहे माझ्याकडे."

"मी रूमचं विचारलं?"

"नाही."

"मग जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर का देताय? मला एवढं सांगा, त्या वळणावर हात का धरलात?"

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला. पलीकडे कुणीतरी ग्राइंडर चालू केला, बंद केला.

"तुम्ही भिजू नये असं वाटलं," तो म्हणाला. "आणि ते तेव्हापासून वाटतंच आहे. होडी अजून आठवडाभर चालू आहे. तिथे नेऊन नीट विचारलं असतं मी, सगळ्यांसमोर. रीतीप्रमाणे."

"होकार होडीत मिळणार नाही," मी म्हणाले. "मागे कुणी बसलेलं नको, उतरायची घाई नको. विचारायचंय ना? मग इथे विचार."

मी त्याला 'तू' म्हणाले, हे दोघांच्याही लक्षात आलं. तो लालबुंद झाला, पण मागे हटला नाही.

"माझ्याशी... लग्न करशील?"

"विचार करून आलेय," मी म्हणाले. "हो. लांडगे मला अजून आवडत नाहीत. तू आवडतोस."

आणि मग तिथेच, त्याच्यासमोर, मी अम्मीला फोन लावला. उशीर केला असता तर माझा धीर गेला असता.

"अम्मी, मी अल क्वोजला आहे. तो खजूरवाला मुलगा... मी त्याला हो म्हणाले. खालाला मी सांगेन, अब्बांनाही मीच सांगेन. पण हो म्हटलंय ते म्हटलंय."

पलीकडे टीव्ही चालू होता. अम्मीने तो बंद केला.

"मला कुणी होडीतसुद्धा बसवलं नव्हतं," अम्मी हळूच म्हणाली. "मी तुझ्या अब्बांना पाहिलं ते निकाह झाल्यावर."

"अम्मी..."

"त्याला दे फोन."

मी स्पीकर लावला. उझैरने केस नीट करायचा प्रयत्न केला, जणू तिला दिसणारच होतं. "अस्सलामु अलैकुम, खाला."

"वालैकुम. जेवलास का?"

"न... नाही अजून."

"मग ये तिच्यासोबत. मी भात टाकते. तिचे अब्बा घरीच आहेत, त्यांच्याशी बोल." अम्मीने जरा थांबून पुढे म्हटलं, "आणि घाबरू नकोस. मी मागे बसणार नाही, तुझ्या बाजूने बसेन."