शेऱ्याचा रकाना

तो दुकानात शिरला तेव्हा त्याचा अर्धा चष्मा नाकावर होता आणि उरलेली काडी खिशात.

मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. दुपारची वेळ, बाहेर रिपरिप, गिऱ्हाईक एकही नाही. बसमध्ये चढताना कुणाचं तरी कोपर लागलं होतं म्हणे. चष्मा एका हाताने सावरत तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “माझा चष्मा तुटली.”

“तुटला,” मी म्हटलं.

“हो. तेच सांगतोय.”

मी हसू दाबलं आणि चिमट्याने इवलासा स्क्रू उचलला. तो परदेशातला होता, छपाईची यंत्रं बसवणारा. आमच्या शहरातल्या एका छापखान्यात चार महिन्यांचं काम घेऊन आला होता. मराठी त्याच्या आईची. ती त्याच्या दहाव्या वर्षी गेली, आणि त्याचं मराठीही तिथेच... दहा वर्षांचं राहिलं. ‘जेवून घे’, ‘पांघरूण ओढ’, ‘रुसू नकोस’ हे सगळं अस्खलित. ‘पावती’ म्हटलं की गडी गोंधळायचा.

“नंबरही तपासून घ्यायचाय?” मी विचारलं.

“तुम्ही तपासणार?”

“दुकानात दुसरं कोण दिसतंय तुम्हाला?”

“मग तपासा. सावकाश.”

तक्त्यावरच्या सगळ्या ओळी त्याने घडाघडा वाचल्या. शेवटच्या ओळीशी थांबला. माझ्याकडे बघत म्हणाला, “ही उद्या येऊन वाचतो.”

दुसऱ्या दिवशी खरंच आला. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मी म्हटलं, “तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. रोज कशाला येता?”

“हे तुम्ही कधी विचारताय, ते बघायलाच येत होतो,” तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला. मीही... पण माझं सोडा.

वर्षाच्या आत आमचं लग्न झालं. बाबा सगळ्यांना सांगायचे, “जावई लाखात एक आहे, फक्त व्याकरण कच्चं आहे.”

मी त्याच्या देशात गेले. दोन वर्षं छान गेली. तिथल्या भाषेत मी चुकायचे, घरात मराठीत तो चुकायचा, फिटंफाट. मग एका सकाळी दादाचा फोन आला. बाबा जिन्यावरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. दादाची नोकरी फिरतीची. आई आधीच वारलेली. मी तीन आठवड्यांसाठी म्हणून निघाले.

तीन आठवड्यांचे आठ महिने झाले.

ऑपरेशन झालं, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन झालं. बाबांना कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं, रागावून व्यायाम करायला लावणं... दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा, पत्ता लागत नसे. त्याच्या देशाचा नियम असा, की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर राहण्याचा परवाना रद्द. सहावा महिना सरत आला तेव्हा त्याने फोनवर आठवण करून दिली. इतकंच. पण आदल्या दिवशीच बाबांना ताप भरला होता, आणि मी फाडकन म्हणाले, “तुला कागद महत्त्वाचे. माझे बाबा नाहीत.”

मी तिथेच थांबले नाही.

“मग असं कर, कागदांवरून माझं नाव काढूनच टाक.”

“बरं,” तो हळूच म्हणाला.

ते ‘बरं’ माझ्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर फोन यायचे, पण आखूड. बाबा कसे आहेत? बरे आहेत. तू जेवलास? जेवलो. फोन ठेवला की मी हातातलं काम दुप्पट वेगाने करायचे.

आठव्या महिन्यात एके सकाळी उठून बघते तर बाबा पलंगावर नाहीत. मी दाराकडे धावले. दार उघडलं, तर तीन मजल्यांचा जिना एकटे चढून येत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, कपाळ घामाने डबडबलेलं.

“हे काय केलंत बाबा?”

“दूध आणलं,” ते धापा टाकत म्हणाले. “आता तू तुझ्या घरी जा. दादाची बदली इथे होतेय, वहिनी पुढच्या आठवड्यात येईल. माझ्या पायाचं निमित्त पुरे झालं, बयो.”

“निमित्त कसलं?”

“तू जावयाशी बोलताना भिंतीकडे बघतेस. माझी मांडी धड नसेल, डोळे आहेत.”

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या कार्यालयात जाऊन रांगेत उभी राहिले.

चौथ्या खिडकीतल्या बाई कडक होत्या. लग्नाचा दाखला, त्याचं भाषांतर, नवऱ्याचं बोलावण्याचं पत्र, घराची कागदपत्रं... बोटांवर मोजत त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “आरोग्य विमा. तिथे पोचल्याच्या दिवसापासून लागू असलेला. आधी होता का तुमचा?”

“नवऱ्याच्या विम्यात माझं नाव होतं.”

“मधे खंड पडला नसेल, तर जुनीच फाईल उघडता येईल. पंधरा दिवसांत काम होतं. खंड पडला असेल तर नव्याने अर्ज. नऊ-दहा महिने धरा.”

मी मान डोलावली. खंड तर मीच पाडायला लावला होता. त्याला विचारायचा धीर होईना. काय विचारणार, काढलंस का रे माझं नाव? मी परस्पर विमा कंपनीला ई-मेल पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, चांगलं दहा-बारा पानांचं. वाईट बातमी एवढी लांबलचक कशाला लिहितात, असं मनात म्हणत मी ती पानं छापून घेतली आणि तशीच कार्यालयात नेली. नंबर यायला वेळ होता. खुर्चीत बसून वाचायला घेतली.

माझं नाव काढलेलं नव्हतं.

तिकडे पद्धत अशी, की विमा असलेलं माणूस परदेशात असेल तर घरच्याने दर महिन्याला एक पान भरून द्यायचं. ‘सदस्य परतणार आहे का?’ त्यापुढे होय किंवा नाही. त्याखाली शेऱ्याचा रकाना. आठ पानं होती, आठही त्याच्या अक्षरात.

पहिल्या पानावर: होय. वडिलांचं हाड मोडलं आहे. ती त्यांच्याजवळ आहे.

तिसऱ्यावर: होय. वडील आज दारापर्यंत चालले. ती फोनवर हसली.

सहाव्यावर: होय. भांडण झालं. चूक माझी, बोलायची वेळ चुकली.

सातव्यावर: होय. कमी बोलते. दमली असेल.

आठव्यावर शेरा नव्हता. नुसतं ‘होय’, आणि त्याखाली दोन रेघा.

अक्षरं धूसर झाली. माझा नंबर दोनदा पुकारला गेला तेव्हा कुठे मी उठले. खिडकीतल्या बाईंनी एकेक पान उलटलं. त्यांना ती भाषा येत होती. पाचव्या-सहाव्या पानाशी त्यांचा हात मंदावला.

“विमा कंपनीला असलं कुणी लिहीत नाही हो,” त्या म्हणाल्या.

“ते... साधे आहेत.”

“खंड नाही.” त्यांनी शिक्का उमटवला, आणि खाली बघतच विचारलं, “या शेऱ्यांचं भाषांतर जोडायला हवं खरं तर. मी नाही मागत. तुम्हाला कळले ना?”

“कळले,” मी म्हटलं.

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन मी त्याला फोन लावला. तो कामावर होता, मागे यंत्राची धडधड.

“बाबा बरे आहेत ना?” त्याने आधी तेच विचारलं.

“बरे आहेत... तू माझं नाव काढलं नाहीस.”

धडधड दूर गेली. तो बाहेर आला असावा.

“काढायला सही लागते,” तो म्हणाला. “माझा हात उचलत नव्हता.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हा बोलावतोय. बाबांना सोडून ये म्हणतोय.” तो शब्द शोधत थांबला. “मी बोलावत नव्हतो. मी वाट बघत होतो. मराठीत त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना?”

“खूप वेगळ्या आहेत,” मी म्हटलं. “मी फार टोचून बोलले रे तुला.”

“हो. बोललीस.”

“नाही म्हणायचं असतं अशा वेळी.”

“असं? आईने हे शिकवलं नाही.”

मी रडता रडता हसले. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणे वर्तमानपत्र उंच धरलं.

“मला घरी यायचंय,” मी म्हटलं. “परवाना आहे म्हणून नाही. तुझ्याजवळ यायचंय म्हणून.”

तो म्हणाला, “हे पुन्हा एकदा सांग. सावकाश.”

सोळाव्या दिवशी मी पोचले. विमानतळावर तो कठड्याला रेलून उभा होता, वाळलेला, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलेलं. मी जवळ गेले तरी हलेना. मीच त्याच्या छातीवर कपाळ टेकवलं, तेव्हा कुठे त्याचे हात माझ्या पाठीवर आले... आणि मग निघेचनात.

घरी आल्यावर जेवायच्या टेबलावर एक जाडजूड पाकीट दिसलं. मी उघडलं. आमच्या देशाच्या व्हिसाचा अर्ज होता, त्याच्या नावाचा. वर्षभर राहण्याचा. सोबत विम्याचे कागद, फोटो, आणि आमच्या शहरातल्या त्या छापखान्याच्या मालकाचं पत्र, की काम द्यायला तयार आहोत.

“हे काय?”

“तुझं काम झालं नसतं तर मी येणार होतो,” तो पाण्याचा पेला पुढे करत म्हणाला. “तिथेही विमा मागतात. तीनदा परत पाठवलं मला.”

मी पेला घेतला नाही. त्याचा हातच धरून ठेवला. मग आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि मी पेन काढलं. वर्षभर खोडलं, तिथे एक महिना लिहिलं. सोबत कोण येणार, त्यापुढे ‘बायको’ लिहिलं.

“उन्हाळ्यात जाऊ,” मी म्हटलं. “बाबा वाट बघतील.”

“बोलावणार नाहीत?”

“तेही करतील,” मी म्हटलं, आणि अर्ज त्याच्यापुढे सही करायला सरकवला.