क्लॅरिनेटचा दम

मोबाइल दुरुस्तीत ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोन पाण्यात पडलेला असो की काचेचा चुरा झालेला, तिच्या टेबलावरून तो जिवंत होऊनच जायचा. तिचे बाबा आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आलेले. लेकीच्या कामाला ते 'खेळण्यांचा दवाखाना' म्हणत. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, ओठ एका बाजूला ओढले गेले आणि फुंकर मारणंच संपलं.

ताई हातावर हात धरून बसणारी नव्हती. तिनं फोनवर सिंथेसायझरचं ॲप घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर क्लॅरिनेट घडवू लागली. आवाजाची लहर निवडायची, तिची धार बोथट करायची, सूर किती सावकाश उमलावा ते ठरवायचं. बाबांच्या जुन्या टेप ऐकून ऐकून तिनं तो आवाज हुबेहूब जमवला.

बाबांनी डाव्या हातानं पडद्यावरच्या पट्ट्या दाबून पाहिल्या.

"सूर आहे गं. दम नाही यात."

"दम कसा असेल, बाबा? यंत्र आहे ते."

"मग शिकवू की त्याला."

रोज खिडकीपाशी बसून ते रियाज करू लागले.

एका दुपारी ताईला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. प्रत्येक ओळीआधी कुणीतरी दातांमधून छोटासा श्वास घेत होतं. बाबाच असतील म्हणून तिनं डोकावलं. बाबा पाणी पीत होते. पेल्यातली नळी तोंडात, डाव्या हाताचं बोट पट्टीवर. श्वास आला, मग सूर.

तिनं ॲपचं एकूण एक बटण तपासलं. असा आवाज तिनं घातलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन उघडून माइकच काढून टाकला. घरी श्वास आलाच. उलट आणखी खोलवरून.

"बाबा, हे काय आहे?"

"शिकतंय ते." बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "माझ्या हाताखाली तयार होतंय."

बँडच्या वार्षिक कार्यक्रमाला जुन्या सोबत्यांनी त्यांना आग्रहानं बोलावलं. बाबा वाजवत गेले तसा हॉल चिडीचूप झाला. शेवटी तो लांब सूर आला, एका दमातला, ज्यासाठी एके काळी लोक त्यांना खांद्यावर घ्यायचे. सूर चढत राहिला.

बाबांनी पट्टीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

सूर चढतच राहिला. मग अलगद उतरला.

सगळा हॉल उभा राहिला. बँडमास्तरांनी डोळे टिपत विचारलं, "हे वाद्य घडवलं कुणी?"

"माझ्या लेकीनं," बाबा म्हणाले.

ताईचा ऊर भरून आला. मांडीवरचा हात तिनं पाहिला होता. ॲप बंद करून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

घरचा जिना चढताना बाबा दर वळणावर धापा टाकत थांबायचे. आज थांबले नाहीत.

"बघितलंस ना, मास्तर कसे रडले ते? आणि पहिल्या रांगेतला तो ढोलवाला..." ते बोलत चढत होते, न अडखळता.

ताईनं आधाराला त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाठ उबदार होती. श्वासानं हलत नव्हती.

श्वास पर्समधून येत होता. संथ, एकसारखा.

तिनं दार उघडलं, बाबांना खुर्चीत बसवलं. ते हसत होते, अजून सांगतच होते. चपलाही न काढता ताईनं आधी चार्जर शोधला.