हात लाव गो बाय

डहाणूच्या बंदरावर बायकांचं भांडण लागलं, की ते खाडीपलीकडे ऐकू जातं. जागेवरून, गिऱ्हाइकावरून, बर्फावरून, कशावरूनही. पण निघायची वेळ झाली आणि एकीनं "हात लाव गो बाय" म्हटलं, की मघाशी तिचा उद्धार करणारी दुसरी मुकाट्यानं वाकते. मासळीनं भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढत नाही, समोरून दुसरीचे हात लागतात. तेवढ्यापुरतं वैर बाजूला. हा शिरस्ता कोणी कोणाला शिकवत नाही.

नयन तांडेल हे बघतच मोठी झाली. तिच्या आईनं, पुतळीनं, उभा जन्म पाटी वाहिली आणि मुलीला एम.ए. केलं. आता आई नव्हती आणि नयन गावातल्या कॉलेजात मराठी शिकवायची. दर वर्षी पहिल्याच तासाला ती सांगून टाकायची, "माझ्या आईनं मासळी विकून मला शिकवलंय. कोणाला वास येत असेल त्यानं खिडकीशी बसावं." पोरं हसायची. ती हसायची नाही.

यंदा स्नेहसंमेलनासाठी तिनं अभ्यासाला असलेल्या एका जुन्या कादंबरीचं नाटक बसवायला घेतलं. कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची, समाजसुधारणेची. त्यात इनामदाराच्या लग्नघरी मागच्या दाराशी एक मासळीवाली येते. विटाळ होईल म्हणून तिला हाकलतात. भरलेली पाटी उचलायला ती हात मागते, पण गजबजलेल्या घरातून एकही हात पुढे येत नाही. ते पाहून इनामदाराचा मुलगा पेटून उठतो आणि प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण थेट पुण्यात, काही वर्षांनी.

नायकाच्या मतपरिवर्तनावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली होती. त्या बाईला मात्र कादंबरीत नाव नव्हतं. आणि संवाद लिहायला बसल्यावर नयनच्या ध्यानात आलं, की ती तिथून गेल्याचंही कुठे लिहिलेलं नाही.

"म्हणजे बाई अजून तिथंच ताटकळतेय बघ," ती तालमीत थट्टेनं म्हणाली. कल्पिता, खाडीवरचीच मुलगी, मासळीवालीचं काम करत होती. ती हसली नाही.

संमेलनाचा कारभार नितीन सरांकडे होता. ते म्हणाले, "मॅडम, नाटक लांबतंय. तो मासळीवालीचा सीन उडवा ना. दोन मिनिटांचं तर कॅरेक्टर आहे."

"नायकाची भाषणं उडवा सर," नयन म्हणाली. "ती राहील."

शेवटच्या तालमीनंतर ठरवू, असं सर बजावून गेले.

नयननं माळ्यावरून आईची पाटी काढून आणली. बांबूची, तळाशी काळी पडलेली, रिकामी. वर गोणपाटाचा तुकडा टाकला, म्हणजे भरलेली वाटेल. पहिल्या दुपारी हॉलमध्ये ओल्या बोंबलांचा वास आला. पाटीत मुरलेला असणार, असं म्हणून तिनं तो छातीभर घेतला. तिला आईची आठवण आली आणि फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी उचलली तर खाली ओलं वर्तुळ होतं. पंखा गळतोय का, म्हणून शिपायानं वर पाहिलं. पंखा कसला गळतोय? नयननं फडकं मागवून फरशी पुसली. बोटांना खारट चिकटपणा लागला.

शेवटच्या तालमीत नायक झालेला अनिकेत पाटी बाजूला सरकवायला गेला. पाटी हलेना.

"नाटक नको करू रे," कोणीतरी ओरडलं. अनिकेतनं दोन्ही हात घातले. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"मॅडम, यात काय भरलंय?"

नयननं गोणपाट उचललं. पाटी रिकामी होती. मग तिनं समोरून हात लावला, आणि दोघांनी मिळून पाटी सहज उचलली.

नितीन सर दारातून बघत होते. "कल्पिताचा आवाज मात्र मस्त लागलाय," ते म्हणाले. "ती 'हात लाव'ची हाक कशी काळजातून येते. राहू दे सीन."

ते गेल्यावर कल्पिता नयनजवळ आली. घसा बसला म्हणून तिनं सकाळपासून मफलर गुंडाळला होता.

"मॅडम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी आज ते वाक्य बोललेच नाही."

नयननं ते कोणालाच सांगितलं नाही. तिला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला. शंभर वर्षं!

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. पहिली रांग पाहुण्यांची. नयननं पाहुण्यांना दुसऱ्या रांगेत बसवून पहिलीत बंदरावरच्या बायका बसवल्या. जरीची लुगडी, अबोलीच्या वेण्या. नितीन सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

लग्नघराचा प्रवेश आला. कल्पिता मागच्या दाराशी उभी राहिली, पायाशी पाटी. तिनं तोंड उघडण्याआधीच हाक आली.

"हात लाव गो बाय."

पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायका खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग आपण नाटक बघतोय हे आठवून ओशाळून बसल्या.

हाक पुन्हा आली. थकलेली, पण लाचार नाही.

विंगेत नयनच्या हातात संवादांची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, कोणीही पुढे येत नाही. तिनं प्रत खाली ठेवली, पदर खोचला आणि रंगमंचावर गेली.

दिवे डोळ्यांवर आले. समोर लुगड्याचा काठ दिसला, आणि ओले पाय. ती वाकली, पाटीला दोन्ही हात घातले.

"उचल गं," ती म्हणाली.

पलीकडून जोर लागला. पाटी जड होती, आईची असायची तेवढी. कडेवरून पाणी गळून तिच्या कोपरांपर्यंत आलं. मग ओझं हातांवरून गेलं.

बाई वळली. मागच्या दाराकडे गेली नाही. पायऱ्या उतरून, प्रेक्षकांच्या मधून, मान ताठ ठेवून, मोठ्या दरवाजानं बाहेर पडली.

टाळ्या सुरू झाल्या. मग थांबेचनात.

नयन विंगेत आली. अभिमानानं तिचा ऊर इतका भरून आला होता, की तिला आधी काही दिसेचना. मग कोपऱ्यात बसलेली कल्पिता दिसली. डोक्यावर ठेवायची चुंबळ तिनं पोटाशी घट्ट धरली होती.

"मॅडम, तुम्ही आलात तशी मी आत पळाले," ती म्हणाली. "तुम्ही कोणाला हात लावलात?"

नयननं तिला जवळ घेतलं. "आपल्यातलीच होती," ती म्हणाली.

पाटी हॉलमध्ये नव्हती, आवारात नव्हती. नयननं फार शोधली नाही. रिक्षा करून घरी आली, जिना चढली.

तिच्या घराच्या पुढच्या दाराशी पाटी पालथी घातलेली होती. सगळा माल खपल्यावर आई घालायची तशी, स्वच्छ धुऊन. पाणी अजून निथळत होतं.

पाटीवर जुन्या लुगड्याची एक चुंबळ होती. नयननं ती उचलली.

ती गरम होती.